गोड्या तळ्यात चिबडाचं पाणी सोडू नका

प्रति,
आमच्या जिल्ह्यातले पाटबंधारे, जलसंधारण आणि लघुसिंचनाचं काम पाहणारे सर्व अधिकारी, आणि आमच्या ग्रामपंचायतीचे सरपंच व सदस्य

सन्माननीय साहेब,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या पाझर तलावाच्या वरच्या अंगाला चुन्याची रेघ पडली आणि खुंट्या ठोकल्या गेल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की कॅनॉलखालच्या चिबड, म्हणजे पाणी साचून खारावलेल्या, शिवारातून वाहणारा निचऱ्याचा चर वळवून तलावात सोडायचा आणि तलावाचा सांडवा दोन फुटांनी उचलायचा, असं काम मंजूर झालंय. कागदावर त्याचं नाव 'तलाव पुनर्भरण' आहे. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून विचारलं की त्या चराचं पाणी कुणी तपासलंय का? उत्तर मिळालं, "बाई, पाणी ते पाणी. दुष्काळी भाग आहे आपला."

त्या उत्तरामुळेच हे पत्र लिहायला बसले. बंद पाकिटातून दोन अर्ज दिले, पोच घेतली, पुढे काही झालं नाही. म्हणून आता उघड लिहिते आहे. आमच्यासारखी तळी कॅनॉलखालच्या गावागावांत आहेत, त्या गावच्या लोकांनीही वाचावं.

आधी माझा या तलावाशी संबंध काय ते सांगते. १९७२ च्या दुष्काळात या तलावाचं काम निघालं. माझी माय त्या कामावर होती. मी नऊ वर्षांची होते. धाकट्या भावाला कडेवर घेऊन भरावाच्या कडेला बसायचे आणि दुपारी मिळणाऱ्या सुकडीची वाट पाहायचे. मायच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, टोपल्यात मुरूम. पाण्याच्या बाजूनं जे दगड लावलेत त्यातले कितीतरी तिच्या हाताखालून गेलेत. तलाव पहिल्यांदा सांडव्यावरून वाहिला त्या दिवशी तिनं तिथं नारळ फोडला होता. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं विज्ञान शिकवलं, आणि दर वर्षी सहावीची पोरं घेऊन याच तलावावर जायचे. बाष्पीभवन, झिरपणं, पाण्याचा जडपणा हे सगळं तिथं डोळ्यांनी दिसायचं. आज तलावाखाली आमची तीन एकर जमीन आहे, एक विहीर आहे. गावच्या पिण्याच्या विहिरीसकट एकूण तेवीस विहिरी या तलावाच्या पाझरावर जगतात.

खारं पाणी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. आमच्यापासून समुद्र चारशे किलोमीटर लांब. मग आमच्याकडे खार आला कुठून? तो आमच्याच जमिनीत होता, आम्ही त्याला वर आणलं.

जायकवाडीचं पाणी अडलं १९७६ साली. डावा कालवा २०८ किलोमीटरचा. संभाजीनगर, जालना करत तो परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. या पाण्यानं आमच्या भागाचं भलं केलं, ते मी कधीच नाकारणार नाही. पण आमची जमीन काळी, भारी, चिकण. खाली मुरमाचा थर, त्याखाली काळा पाषाण. कॅनॉल पाझरतो, चाऱ्या फुटतात, उसाला मोकाट पाणी दिलं जातं, आणि ते खाली जायला वाट मिळत नाही. जमिनीतली पाण्याची पातळी वर वर येत राहते. ती चार-पाच फुटांवर आली की उन्हाळ्यात, समईच्या वातीतून तेल वर चढावं तसं पाणी मातीतून वर चढतं. वर आल्यावर ऊन पाणी घेऊन जातं आणि क्षार जागेवर ठेवून जातं.

एप्रिलमध्ये आमच्या खालच्या शिवारात या साहेब, सकाळी लवकर. ढेकळांच्या कडांना पांढरं फूल आलेलं दिसेल. लांबून कुणी पिठी सांडल्यासारखं वाटतं. मी चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं होतं. आधी खारट लागतं, मग मागून कडवट-तुरट. त्या रानात हरभरा उगवतच नाही. उगवला तर बोटभर होऊन करपतो. जिथं एके काळी मोसंबीची बाग होती तिथं आता येडी बाभूळ आणि पाणकणीस आहे. अशाच रानाला आम्ही चिबड म्हणतो. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठी उसाच्या पट्ट्यात हेच झालं, ते शेतकऱ्यांनी फार पूर्वी भोगलंय.

चिबड सुधारायला तुमच्याच खात्यानं चर खोदला आणि तो चर आपलं काम चोख करतो. शेतातलं पाणी आणि त्यासोबत शेतातला क्षार तो बाहेर काढतो. चर खोदला तो याचसाठी. मग जे मीठ एवढा खर्च करून रानातून बाहेर काढलं, तेच गावातल्या एकुलत्या एक गोड्या तळ्यात नेऊन का ओतता? माझी पहिली आणि मुख्य तक्रार हीच आहे.

माझ्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेला क्षार, मोजायचा साधा पेन आहे, शाळेत वापरायचे तोच. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी दोन्ही ठिकाणी पाणी मोजलं. तलावात लिटरला ४१० मिलिग्रॅम भरलं, चरात २,६००. पेन काही प्रयोगशाळा नव्हे, शंभर-दोनशेचा फरक मी मान्य करते. पण हा फरक सहा पटींचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्या असं म्हटलंय. चराचं पाणी त्या सवलतीच्याही पलीकडे आहे. आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून सांगते. दहा हजार लिटरचा एक टँकर भरून हे पाणी तलावात ओतलं तर त्यातून २६ किलो क्षार तलावात गेला. दोन टँकर म्हणजे खताच्या एका पोत्याएवढा. चर टँकरनं वाहत नाही, रात्रंदिवस वाहतो.

आता तलावाबद्दल. हा पाझर तलाव आहे. पाणी साठवण्यापेक्षा मुरवणं हे त्याचं मुख्य काम. भर उन्हाळ्यात तो जवळपास आटतो तेव्हा दोन गोष्टी झालेल्या असतात: थोडं पाणी उन्हानं नेलं आणि बाकीचं खालच्या विहिरींत गेलं. उन्हानं नेलेल्या पाण्यातला क्षार मागे राहतो, म्हणजे उरलेलं पाणी आणखी जड होतं, आणि तेच जड पाणी पाझरून विहिरींत उतरतं. तळ्यात मीठ टाकलं की ते तळ्यापुरतं राहत नाही. तेवीस विहिरींना ते पोचतं, आणि एकदा पाषाणाच्या फटींत शिरलं की ते कसं बाहेर काढायचं याचा उपाय माझ्या माहितीत तरी कुठल्याही खात्याकडे नाही.

हे पुस्तकातलं बोलत नाही. आमच्या खालच्या रानातली जुनी विहीर चराला लागून आहे. आमच्या घरात पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीनं होते. माय असताना एकदा त्या विहिरीचं पाणी घरी आणलं होतं. तिनं डाळ चढवली. पाच शिट्ट्या झाल्या, सात झाल्या, झाकण काढलं तर डाळीचा दाणा दाण्याजागी. तिनं बोटात एक दाणा दाबून पाहिला आणि म्हणाली, "हे पाणी जड झालं गं. डाळ शिजंना ह्यात. जनावरालाबी नको देऊस." म्हशीनं त्या आधीच हौदात तोंड घालून मान फिरवली होती. मायनं ती डाळ ओतून दिली आणि तलावाखालच्या विहिरीचं पाणी आणून पुन्हा टाकली. चार शिट्ट्यांत मऊ झाली. एकाच शिवारातल्या या दोन विहिरी, मध्ये पाऊण किलोमीटरचं अंतर. तुमच्या आराखड्याप्रमाणे काम झालं तर गोडी विहीरही हातची जाईल.

दुसरी तक्रार सांडव्याची. तो उचलला की साठा वाढेल हे खरं, आणि गावकऱ्यांना ते गोड वाटतं. पण चांगल्या पावसात तलाव सांडतो तेव्हा जुनं, जड पाणी त्यासोबत वाहून जातं आणि तलाव धुतला जातो. दोन-तीन वर्षांतून एकदा का होईना, तळं असं धुतलं गेलं पाहिजे. इकडून खारं पाणी आत सोडायचं आणि तिकडून बाहेर जायची वाट उंच करायची, या दोन गोष्टी एकाच कामात घालणाऱ्यानं क्षाराचा विचार केलेलाच नाही. मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण हे सहावीच्या पोराला कळतं. पातेल्यात मिठाचं पाणी आटवून मी त्यांना किती वेळा दाखवलंय.

तिसरी गोष्ट, विचारायचं कुणाला? शंभर हेक्टरपर्यंत जमीन भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे सहाशेपर्यंत जलसंधारणाकडे, सहाशेच्या वरचं पाटबंधाऱ्याकडे. तलाव एका खात्याचा, चर दुसऱ्या खात्याचा, पिण्याची विहीर ग्रामपंचायतीची. प्रत्येक टेबलावर मला पुढचं टेबल दाखवलं गेलं. पाणी काही टेबलं पाहून वाहत नाही. निदान या एका कामापुरते तिघं मिळून तलावावर या.

चौथी गोष्ट कायद्याची. पाणथळ जागांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. पाणथळीत प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला त्यात बंदी आहे. पण सिंचनासाठी आणि पिण्यासाठी माणसानं बांधलेले तलाव त्यांच्या व्याख्येतून वगळलेत. मराठवाड्यात माणसानं न बांधलेलं तळं शोधायला गेलं तर किती सापडतील? आमच्याकडे पाणथळ म्हणजे तलावच. त्यांच्यात मरळ मासा पोसला जातो, वारकरी आणि चक्रवाक ही पाखरं उतरतात, भोई समाजाची चूल चालते. खुद्द नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशयही माणसानंच बांधलेला आहे आणि १९८६ साली तो पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. बांधलेलं पाणी पक्ष्यांना चालतं. कायद्याला का चालू नये? मात्र १९७४ चा जलप्रदूषण कायदा नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद करत नाही. अंतर्गत जलसाठा कृत्रिम असला तरी तो त्या कायद्यात येतो, आणि पाण्याचे रासायनिक गुणधर्म बिघडवून ते पिण्याला, शेतीला किंवा जनावरांना अपायकारक करणं हे प्रदूषणच. चिबडाचा चर या व्याख्येत बसतो की नाही ते कायद्याच्या जाणकारांकडून तपासून घ्या, आणि मगच जेसीबी लावा.

कोकणात शेतात समुद्राचं पाणी शिरू नये म्हणून बांध घालतात, भरतीला बंद आणि ओहोटीला उघडी राहणारी दारं ठेवतात. त्यासाठी राज्यानं १९७९ साली खार जमीन विकासाचा वेगळा कायदा केला. म्हणजे खारं आणि गोडं वेगळं ठेवायचं असतं हे आपल्या सरकारला ठाऊक आहे. शेजारच्या विदर्भात अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा बघा. तिथलं भूजलच खारं, आणि तिथल्या गावांनी पिण्याच्या गोड्या पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या काय सोसलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ती निसर्गाची करणी. आपण मात्र आपल्या हातानं, निविदा काढून, तसा पट्टा तयार करायला निघालोय. मंठ्याच्या पुढे गेलं की लोणार लागतं. ते सरोवर खारं आहे आणि खारंच राहिलं पाहिजे, त्याचं सगळं मोल त्या खारेपणात आहे. आमचं तळं गोडं आहे, त्याला तसंच राहू द्या.

आता आमचीही बाजू. गावात दोन ठिकाणी आरओचे प्लांट आहेत. पाच रुपयाला जार भरतो आणि जेवढं शुद्ध पाणी निघतं त्याच्या बरोबरीनं, कधी जास्तच, क्षाराचं घट्ट झालेलं पाणी नाल्यात जातं. तेही उतारानं शेवटी तलावाकडेच येतं. उसाला रात्री मोटर चालू करून झोपायची सवय आम्हा शेतकऱ्यांची. आमच्याही घरात बारा वर्षं ऊस होता, मोकाट पाण्यावर. चिबड व्हायला तो कारणीभूत झाला, हे मी लपवत नाही. म्हणून मागण्या फक्त तुमच्याकडे नाहीत, आमच्या ग्रामसभेकडेही आहेत.

मला कुणी म्हणेल की ही बाई येणाऱ्या पाण्याला आडवी येते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते पाहिलेल्या माणसाची पाणी नको म्हणायला जीभ वळत नाही. पण दुष्काळी वर्षातच तर हा धोका मोठा. पाऊस नाही, म्हणजे तलावात गोडं पाणी नाही. कॅनॉलखालच्या चिबडाचा चर मात्र मंद का होईना वाहतच राहणार. त्या वर्षी तलावात जे असेल ते निव्वळ चराचं असेल, आणि नेमक्या त्याच वर्षी गाव त्याच्यावर जगणार असेल.

आमच्या मागण्या या आहेत.

चर वळवायचं आणि सांडवा उचलायचं काम आजच्या आज थांबवा. चराचं, तलावाचं आणि तलावाखालच्या किमान पाच विहिरींचं पाणी एक अख्खं वर्ष, दर महिन्याला, भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून तपासून घ्या आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. यंत्रणेला दर महिन्याला येणं जमत नसेल तर जलजीवन मिशनमध्ये गावातल्या ज्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट आणि शिक्षण दिलंय त्यांना हे काम द्या. त्या पेटीत क्लोराईड आणि जडपणा दोन्ही तपासता येतात. आमच्या गावात ती पेटी अंगणवाडीच्या कपाटात बंद आहे, किल्ली कुणाकडे आहे तेही मी सांगू शकते.

चर तलावाला वळसा घालून भरावाच्या खाली ओढ्याला मिळवा. खालच्या गावांचाही विचार करा: चराच्या तोंडाशी फळ्यांचं दार बसवा, आणि साठलेलं पाणी ओढ्याला पूर असेल तेव्हाच सोडा, म्हणजे ते पातळ होऊन जाईल. वर्षभराच्या आकड्यांवरून भर पावसात चराचं पाणी ५०० च्या खाली येतं असं दिसलं, तर तेवढ्या दिवसांपुरतं ते तलावात घ्यायला माझी हरकत नाही. पण निर्णय मोजून घ्या.

तलाव खरंच भरायचा असेल तर नाथसागराच्या गोड्या पाण्यानं भरा. धरण भरलं की गोदावरीत पाणी सोडावं लागतं. त्या दिवसांत कॅनॉलही चालवा आणि टेलच्या चारीचं दार उघडून गावोगावचे पाझर तलाव भरून द्या. आमच्या चारीचं शेवटचं दार तलावापासून चारशे पावलांवर आहे, मी मोजलीत. त्या दारापासून तलावापर्यंत पाट काढायला चर वळवण्यापेक्षा कमी खोदावं लागेल.

कॅनॉल आणि चाऱ्यांची गळती बंद करा, कारण मुळात चिबड तिथून होतं. ऊस ठिबकवर आणायचं काम आम्ही ग्रामसभेत ठराव करून अंगावर घेतो. अनुदान वेळेवर येईल एवढं तुम्ही बघा. आरओच्या पाण्याला तलावाबाहेर वाट काढून द्यायचं काम ग्रामपंचायतीचं आहे, ते सरपंचांनी पावसाळ्याआधी करावं.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तलावाच्या भरावावर असेन. बरोबर दोन बाटल्या असतील, एक तलावाच्या पाण्याची, एक चराची, आणि एक स्टोव्ह, दोन पातेली, अर्धा किलो तुरीची डाळ. तिन्ही खात्यांतून एक-एक माणूस यावा अशी विनंती आहे. डाळ शिजायला जेवढा वेळ लागेल तेवढाच तुमचा वेळ घेईन.

आपली नम्र,
जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या एका गावची शेतकरी आणि निवृत्त शिक्षिका